पिकअपच्या कपाळावरचं नाव

माय, गाडी घेतली. पिकअप आहे, पांढरी, जुनी, पण इतकी जपलेली की शेजारणीला ती नवीच वाटली आणि मीही तिचा गैरसमज काही दिवस तसाच राहू दिला. तू असतीस तर दारात येऊन आधी चाकांकडे पाहिलं असतंस, मग माझ्याकडे, आणि म्हणाली असतीस, ‘कोनाची आनली व?’ कारण आपल्याकडे गाडी म्हणजे कायम दुसऱ्याचीच. ‘आपली हाये, माय,’ एवढं बोलायला मला तू दारात हवी होतीस. ते तर आता होणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे. पाठवायचं कुठेच नाही, त्यामुळे लांबलं तरी टपालखर्च वाढत नाही.

तुझी गाडी म्हणजे फाट्यावरची वाट. बाजाराच्या दिवशी तू टोपल्या घेऊन फाट्यावर उभी राहायचीस आणि मी तुझ्या पदराला धरून. जऊळक्याकडून टेम्पो यायचा, मर्जी असली तर थांबायचा, नसली तर धुरळा उडवून निघून जायचा, आणि तू त्या धुरळ्याला एक शिवी देऊन पुन्हा तशीच उभी. थांबला तर पुढे ड्रायव्हरशेजारी बाप्ये बसायचे, तू मागे, मेथीच्या जुड्यांवर ओलं फडकं धरून. शिरपूरला उतरलीस की स्वतःचं तोंड धुवायच्या आधी भाजी धुवायचीस. देवळात येणाऱ्या जैन यात्रेकरूंना कांदा-बटाटा चालत नाही, म्हणून भेंडी आणि दोडकी पुढे मांडायचीस आणि कांदे आपल्या पाठीमागे, लुगड्याच्या आडोशाला. संध्याकाळी परतीची गाडी मिळेपर्यंत उरलेला माल सुकून जायचा. घरी आल्यावर मोठी माय, म्हणजे तुझी जाऊ, भाकरी थापायला बसलेली असायची, आणि तू तिच्या शेजारी बसून ते सगळं चुलीवरच्या एकाच गंजात टाकायचीस. दोन वांगी, मूठभर गवार, फुटलेले टमाटे, वरून शेंगदाण्याचा कूट. ‘कायची भाजी व?’ मी विचारायचे. ‘बाजाराची,’ तू म्हणायचीस. तशी भाजी मी अजून करून पाहते. शेंगदाणे जास्त होतात, नाहीतर कमी.

एकदा मी त्याच बाजारात हरवले होते, आठवतं? बांगड्यांच्या दुकानासमोर उभी राहिले आणि मागे वळून पाहते तर तू नाहीस. मी भोकाड पसरून ‘माय, माय’ ओरडत सुटले. बाजारातली प्रत्येक बाई मान वळवून पाहते आहे, आणि त्यातली एकही तू नाहीस. शेवटी एका मिरचीवालीने माझा हात धरून मला तुझ्यापुढे उभं केलं. मला वाटलं तू जवळ घेशील. तू घेतलंस, पण आधी एक धपाटा दिलास. ‘माय म्हटल्यावर सगळ्याच पायतीन! सगळ्याच माया हायेत. धनजवाली म्हनून हाका मारत जाय.’ गावात तुला सगळे तेच म्हणायचे. सून ज्या गावाहून आली त्या गावाची ती ‘वाली’, मग तिने जन्म इथे काढला तरी. त्या दिवसापासून बाजारात मी तुला ‘धनजवाली’ म्हणून हाका मारू लागले आणि शेजारच्या बाया पोट धरून हसायच्या. घरी बाबा ‘अवो’ म्हणायचे, मोठी माय ‘लहानी’ म्हणायची, गाव ‘धनजवाली’. रेशनकार्डावर एक नाव होतं, ते फक्त दुकानदार वाचायचा. मी ते कधी तोंडाने घेतलं नाही.

तू गेल्यावर तुझी बाजारातली जागा मी घेतली. लग्न होऊन शिरपुरातच राहायला आले होते, त्यामुळे जागा दारातच होती म्हण. मग नुसतं विकणं सोडून गावागावांतून माल उचलायला लागले, आपल्या गावचाही उचलते, आणि वाशिमपर्यंत पोचवते. पण गाडी भाड्याची. भाड्याच्या गाडीवाल्याला ऐन तोडणीच्या दिवशी साळ्याचं लग्न निघतं, आणि माझी पालक बांधावर माना टाकून पडते. मी गाडी चालवायला शिकले तेव्हा तुझा जावई म्हणाला, ‘या वयात?’ मी म्हटलं, लहानपणी कोणी शिकवलं नाही ना! गाडी घ्यायची ठरली तेव्हाच मी त्याला एक गोष्ट सांगून ठेवली. समोरच्या काचेच्या वर जी पट्टी असते, मी तिला गाडीचं कपाळच म्हणते, तिथे लोक पोरांची नावं लिहितात, देवांची लिहितात. मी तिथे माझ्या मायचं नाव लिहिणार. तो म्हणाला, ‘लिही ना, कोन नाई म्हनते?’ आणि जरा थांबून म्हणाला, ‘कोनतं?’

त्याने ते सहज विचारलं, पण मी तिथेच अडकले. त्याला आमच्या लग्नाचा दिवस आठवत होता आणि मलाही. विहाराच्या अंगणात मांडव घातलेला, मी आत तयार होऊन बसलेली, आणि त्याची आत्या येऊन म्हणाली की नवरीचं नवीन नाव काय ठेवायचं ते आम्ही ठरवून आणलं आहे. तू भज्यांच्या कढईजवळ होतीस. बेसनाने भरलेले हात तसेच घेऊन तू बाहेर आलीस. तुझा आवाज मोठा आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ‘नाव हाये तिले. शाळेत तेच हाये अन पुढंबी तेच राहीन. पोरगी देली, नाव नाई देलं.’ बाबा खाली पाहत होते. आत्याबाईंनी ठरवून आणलेलं नाव तसंच परत नेलं. म्हणून आज मी माझ्याच नावाची आहे, माय. लोक विचारतात मायनं काय दिलं, तर मी हे सांगते.

तू पुन्हा आत येऊन माझा पदर नीट करायला लागलीस तेव्हा मी विचारलं होतं, ‘तुहं बदललं होतं काय व?’ ‘बदललं.’ ‘मंग आधी काय होतं?’ तू पिन दातात धरली होतीस, ती काढून म्हणालीस, ‘आता कायले? उभी राय मुकाट्यानं, टोचंल.’ नंतर ते राहूनच गेलं. तुझे मायबाप मी पाहिलेच नाहीत. मामा तुला ‘बाई’ म्हणायचा, तो सुरतेला गेला आणि तिकडेच वारला. बाबा गेले, मोठी मायही गेली. म्हणजे गाडीच्या कपाळावर लिहायला माझ्याजवळ होतं ते फक्त रेशनकार्डावरचं, तुला सासरी दिलेलं. ज्या बाईने भर मांडवात पोरीचं नाव सोडवून आणलं, तिला दुसऱ्यांनी ठेवलेल्या नावाने रस्त्यावरून फिरवायचं मला काही पटेना. मला तुझं स्वतःचं नाव हवं होतं, आणि ते माहीत असलेलं माणूस माझ्या ओळखीत एकही उरलं नव्हतं.

तोवर गाडी शोधणं चाललंच होतं. तुझा जावई शाळेत क्लार्क आहे हे तुला माहीत आहे, पण या काळात तो मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून जवळजवळ मेकॅनिक झाला. फ्रिजवरचं आंब्याच्या आकाराचं चुंबक खिशात घालून फिरायचा. पत्र्याला चुंबक चिकटलं नाही की समजायचं आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग मारला आहे. वाशिमला एक गाडी पाहिली, अशी चकाकत होती की डोळे दिपावेत. याने चुंबक लावलं, ते टपकन खाली पडलं. दुसरीकडे लावलं, तिकडेही पडलं. मालक म्हणाला, ‘साहेब, तुमचं चुंबक खराब हाये.’ रिसोडकडे एक होती, मालक शपथेवर सांगत होता की यात फक्त फुलं वाहिली, आणि मागचा हौदा मधोमध असा बसलेला की त्यात पाणी साठावं. मंगरुळपीरला एक मिळाली ती दिसायला साधी, सुरू पण पटकन झाली. मला आवडली होती. तेवढ्यात लक्षात आलं की गाडी उतारावर लावली आहे, आणि आधीच्या खेपेलाही ती उतारावरच लावलेली होती, म्हणजे घरंगळल्याशिवाय सुरूच होत नसणार. मी म्हटलं, जरा सपाटीवर आणा. ते म्हणाले, चहा घ्या. सगळ्यांच्याच गाड्या ‘एकाच हाताने चाललेल्या’ असतात, माय, आणि तो एक हात कोणाचा ते कोणीच सांगत नाही. मी सकाळची मेथी दुपारी पाणी मारून ताजी करणाऱ्यांतली, मला काय चकाकीने फसवतील! पण वर्ष सरलं, दुसरं अर्धं झालं, तेव्हा मीही कंटाळले. भाड्याच्या गाडीवाल्याच्या साळ्याला दुसरा पोरगा झाला.

मग एक दिवस दलालाचा फोन आला. ‘ताई, एक गाडी हाये. चांगली हाये. पन लांब हाये, कारंज्याच्या तिकडं, धनजले.’ मी त्याला गावाचं नाव पुन्हा सांगायला लावलं तसा तो म्हणाला, ‘लांब होते काय?’ मी म्हटलं, नाही, येतो. तुझ्या जावयाने माझं तोंड पाहिलं आणि ओळखलं. ‘गाव पाहून गाडी घ्याची नाई, आत्ताच सांगून ठेवतो.’ मी म्हटलं, मी काय खुळी आहे? पण खरं तर मी गाडीपेक्षा गावच पाहायला निघाले होते. तुझं माहेर मी नीट कधी पाहिलंच नाही. अगदी लहानपणी एकदा तू नेलं होतंस, त्यातलं मला नाल्यातलं पाणी तेवढं आठवतं. एसटीत मी खिडकीशी बसले आणि मनात एकच, की गाडी वाईट असली तर बरं होईल, नाहीतर वाईट गाडीसुद्धा मी गावासाठी घेऊन बसेन. मग वाटलं, चांगली असली तर जास्त बरं. डोकं असं चाललं होतं.

गाडीवाले आपल्यातलेच निघाले. दारात ‘जय भीम’ झालं, पाणी आलं. माणूस साठीच्या आसपासचा, कमी बोलणारा. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली होती, मुलगा पुण्याला. पूर्वी जिथे बैल बांधायचे त्या गोठ्यात त्याने गाडी उभी केली होती, वर टिनाचं छप्पर, खाली शेणाने सारवलेली जमीन. मागच्या हौद्यात लाकडी फळ्या बसवलेल्या, पत्र्याला ओरखडा येऊ नये म्हणून. ड्रायव्हरच्या सीटवर जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. तुझ्या जावयाने आधी बोनेटवर तळहात ठेवला, आम्ही यायच्या आत गाडी गरम करून ठेवली आहे का ते पाहायला. थंडगार होतं. किल्ली फिरवली, एका दमात सुरू. चुंबक लावलं ते इकडेही चिकटलं, तिकडेही चिकटलं, आणि हा प्राणी जरा हिरमुसलाच. मी समोर जाऊन कपाळ पाहिलं. तिथे कोरं होतं, नुसते पुसलेल्या अक्षरांचे फिकट डाग. मी विचारलं, इथे काय होतं? ‘पोरींची नावं होती माह्या,’ तो म्हणाला. ‘गाडी द्याची म्हटल्यावर पयले नावं काढली. मंग मन मागं येत नाई.’ अजून कोणी गिऱ्हाईक फिरकलंही नव्हतं तेव्हाची गोष्ट. मला त्या माणसाची गाडी तिथेच पसंत पडली.

ओसरीवर खाटेवर त्याची म्हातारी आई बसली होती, तुरीच्या शेंगा सोलत. आमचं बोलणं संपेपर्यंत तिने धीर धरला, मग मला हाताने बोलावलं. ‘गाव कोनतं व?’ सांगितलं. ‘माहेर?’ सांगितलं. ‘माय कोनाची?’ मी म्हटलं, मावशी, माय याच गावची माही. म्हातारीचे हात थांबले. ‘या गावची? नाव काय तिचं?’ आणि मला तिथे तुझं रेशनकार्डावरचं नाव घ्यावं लागलं. तिने आठवून पाहिलं, मान हलवली. ‘नाई व. अशी कोनी पोट्टी नोती आमच्या गावात.’ मला इतकं कसनुसं झालं, माय. तुझ्या स्वतःच्या गावात तू नव्हतीसच. मी घाईघाईने सांगायला लागले, नाल्याकाठी घर होतं म्हणत, भाऊ एकच, तो सुरतेला गेला. म्हातारीने माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि आपली डावी करंगळी वर केली. ‘ही कापेल होती काय तिची?’ मी हो म्हटलं. ‘विळ्यानं. माह्यासंगं गवत कापून राह्यली होती तवा.’ आणि मग तिने तुझं नाव घेतलं. पूर्ण नाही, शेवटचं अक्षर ओढून, पलीकडच्या वावराच्या धुऱ्यावरच्या बाईला हाक मारतात तसं. ते इथे लिहीत नाही. तुझंच पत्र आहे, तुला तुझं नाव काय सांगू?

पण ते ऐकून मी दचकले, कारण ते नाव मला माहीत होतं. ते मोठ्या मायचं नाव होतं. ‘मंग तेच तं झालं ना व,’ म्हातारी म्हणाली, ‘तिकडं जावेचं नाव तेच निघालं. एका घरात एका नावाच्या दोघी कशा? पयली ती आलेली. मंग हिचंच बदललं.’ इतकी साधी गोष्ट. कोणाचा जुलूम नाही, वाईट हेतू नाही, एका चुलीवर दोन सारख्या नावांचा घोटाळा नको म्हणून. मी खाटेच्या कडेवर बसून राहिले आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसायला लागलं. आजा ओसरीवरून पाण्यासाठी हाक मारतो आहे, मोठ्या सुनेला, नावाने. मोठी माय भाकरी परतून उठते आहे. आणि तू, भाजी हलवता हलवता, डाव थांबवून मान वर करतेस. दर वेळेला. मला वाटायचं तुला आज्याचा धाक आहे. आजा जाईपर्यंत रोज तुझ्या नावाची हाक तुझ्या कानावर येत होती, माय, आणि उठून जायची दुसरी.

म्हातारी सांगतच होती. तुझा गळा मोठा होता म्हणे. शेतात निंदताना तू गाणं म्हटलंस की शेजारच्या वावरातल्या बायाही हात थांबवायच्या. तुझं गाणं मी ऐकलं नाही. लग्नानंतर पहिल्या खेपेला आलीस तेव्हा मैत्रिणींनी नव्या नावाने चिडवलं. ‘हासली नाई व ती. म्हने, तिकडं म्हनू द्या त्यायले. इकडं नका म्हनू तुमी. मंग ते नाव इकडं कोनाच्या ध्यानातच नाई राह्यलं.’ मी रडायला लागले. तुझा जावई गोठ्यातून धावत आला. त्याला वाटलं सौदा मोडला.

गाडी त्याच आठवड्यात घरी आली. मालकाने किल्ली दिली, बोनेटवरून एकदा हात फिरवला आणि ‘पयला गेर जरा जड हाये, दमानं टाकजो’ एवढं बोलून घरात निघून गेला. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, सगळी मीच चालवत आणली. शेजारी बसलेला माणूस दर गाडीला पाय दाबून नसलेला ब्रेक मारत होता. शिरपूर जवळ आलं तेव्हा त्याने विचारलं, ‘मंग कोनतं लिहितं?’ मी सांगितलं. तो म्हणाला, ‘पाय, राग नको येऊ देऊ. तुमच्या गावात ते नाव मोठ्या मायचं हाये. लोकायले तेच वाटंल. धनजवाली लिही, समद्यायले समजंल.’ त्याचं चुकत नव्हतं. पण धनजवाली कोणीही असते. आज त्या गावची दुसरी पोरगी आपल्या गावात सून म्हणून आली तर तीही धनजवालीच. मी म्हटलं, लोकांना वाटलं तर मी सांगेन, एकेकाला थांबवून सांगेन, तोंड आहे मला. पेंटरने लाल रंगात लिहिलं, काळी किनार देऊन. मी स्टूल धरून उभी होते. वेलांटी जरा लहान झाली होती, ती मोठी करायला लावली.

मला पहिल्यांदा गाडी आपल्याच गावात न्यायची होती. रस्ताभर मी मनात घोकत होते. कोणी विचारलं, ‘हे कोन?’ तर म्हणायचं, ‘माही माय. हेच नाव होतं तिचं.’ फाटा आला, तुझा, तिथे मी हॉर्न वाजवला, उगाच. गावात शिरले तर पहिला दिसला दादा. मोठ्या मायचा मोठा. म्हातारा दिसायला लागला आहे आता, दात गेले, दारात बसून दोरी वळत होता. गाडी थांबली तसा उठला, जवळ आला, कपाळ वाचलं. शाळेत फार गेला नाही तो, एकेक अक्षर लावत वाचलं. मग दोन्ही हात जोडले, गाडीला. मी खिडकीची काच खाली केली, वाक्य तयार होतं. आणि तो रडायला लागला. ‘बाई,’ म्हणाला, ‘माह्या मायचं नाव लिवलं व तू? आमी पोरं असून आमच्यानं नाई झालं. तिचं नाव कुठीच नाई लिवेल, बाई. घरावर बापाचं, वावरावर बापाचं. तू लिवलं.’ घरात हाक मारून त्याने वहिनीला बोलावलं, वहिनी सुनेला घेऊन आली, सगळी गाडीभोवती उभी राहिली. त्याने हात उंचावून त्या लाल अक्षरांवरून बोटं फिरवली. मोठ्या मायने मलाही भाकरी खाऊ घातली होती, तू बाजारात असायचीस तेव्हा.

मी ‘हो, दादा’ म्हटलं.

एवढं तुला सांगायचं होतं. दीड वर्ष गाडी शोधली, धनजपर्यंत जाऊन तुझं नाव परत आणलं, आणि गावात शिरल्या शिरल्या पहिल्याच दारात ते पुन्हा जावेला देऊन टाकलं. तू रागावणार नाहीस. तू तर मला डोळ्याने दटावलं असतंस, ‘ऱ्हाऊ दे व’ म्हणून. पण मी तुझ्यासारखी नाही, मला ते लागलं, अजून लागतं आहे. वहिनीने चहा दिला, तो मी प्यायले, कोबीची पोती भरली आणि निघाले. गावाबाहेर आल्यावर गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, दोन्ही काचा वर केल्या. आणि तुझं नाव घेतलं, मोठ्याने, धनजच्या म्हातारीने घेतलं तसं, शेवटचं अक्षर ओढून. आयुष्यात पहिल्यांदा. मग, माय, खोटं कशाला बोलू, गाडी सुरू न करता बराच वेळ तशीच बसून राहिले, तू ‘ओ’ देशील म्हणून.